आधी माती उकर

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या कराड भागातले पालक माझ्याकडं येऊ लागतात. मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि त्याआधी कोल्हापूरच्या तालमीत मुक्कामाला होतो, हे त्यांना ठाऊक असतं. प्रश्न ठरलेला: "सर, पोराला तालमीत घालायचं म्हणतोय. पहिल्या दिवशी काय करून घेतील? लागणार-बिगणार नाही ना?" मी सांगतो, पहिल्या दिवशी कुस्ती होत नाही. पहिल्या दिवशी तुमचा मुलगा माती उकरेल, जोर मारेल आणि पडायला शिकेल.

काहींचा चेहरा उतरतो. मुलगा डावपेच शिकायला जाणार आणि हातात खोरं घेणार, हे त्यांच्या पचनी पडत नाही. त्यांना बसवून घेऊन मी जे सांगतो, तेच इथं लिहितो आहे. आपल्याकडच्या कुस्तीचा इतिहास मोठ्या पैलवानांच्या नावांनी सांगितला जातो. कुणी कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं, कुणाला किती तोळ्यांचं कडं मिळालं, याच्या कथा गावोगाव आहेत. मला मात्र तालमीचा खरा इतिहास पहिल्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या पोरात दिसतो. आत गेल्यावर त्यानं काय करायचं, हे पिढ्यान् पिढ्या फारसं बदललं नाही. बदललं ते एवढंच, की आत कुणी यायचं.

आधी आतलं सांगतो.

तालमीत येणारा नवा मुलगा नारळ, उदबत्ती आणि हार घेऊन येतो. मारुतीपुढं नारळ वाढवायचा, वस्तादांच्या पाया पडायचं, हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावायची. मग लंगोट. लंगोट नेसणं हाच अनेकांचा पहिला धडा असतो. तो सैल राहिला तर जोर मारताना ओटीपोटाला आधार मिळत नाही आणि फार आवळला तर श्वास अडतो. बोटांतली अंगठी, हातातलं कडं, गळ्यातली साखळी, कमरेचा करदोटा, सगळं काढून ठेवायचं. नखं वाढली असतील तर आधी नखं कापून यायचं. आपल्या नखानं जोडीदाराच्या डोळ्याला इजा झाली तर ती आपली चूक, हे पहिल्याच सकाळी सांगितलं जातं. पोट रिकामं हवं. पहाटे भरपेट खाऊन आलेला मुलगा दहाव्या बैठकेला खाली बसतो.

मग खोरं हातात येतं. हौद्यातली माती ही शेतातली माती नव्हे. चांगली लाल माती आणायची, उन्हात वाळवायची, चाळून खडा न् खडा काढायचा. तिच्यात ताक, गोडेतेल, हळद, लिंबाचा रस, कापूर आणि काव मिसळायची. हळदीनं खरचटलेलं चिघळत नाही, तेल-ताकानं माती मऊ राहते, काव थंडावा देते, असं जुने लोक सांगत आले. रोज अंगं आपटून आपटून ही माती दबते, कठीण होते. म्हणून सरावाच्या आधी ती उकरावी लागते. एका टोकाला सुरुवात करायची, मागं सरकत यायचं, ढेकूळ दिसलं की वाकून हातानं फोडायचं. आमचे वस्ताद उकरून झालेल्या हौद्यातून मूठभर माती उचलून दाबत. मुठीत गोळा व्हावा आणि अंगठ्यानं ढकलताच मोडावा, इतकाच ओलावा त्यांना हवा असे. त्याहून कोरडी झाली तर नाकातोंडात धूळ जाते, त्याहून ओली झाली तर पाय सटकून गुडघा जातो. गोळा मोडला नाही तर ते काही न बोलता खोरं परत आमच्या हातात देत.

हे काम नवख्याला का, याची उत्तरं मला शिक्षक झाल्यावर उमगली. खोरं मारताना मनगट, खांदे, कंबर आणि मांड्या यांना एकाच वेळी ताण पडतो, आणि कुस्तीला लागतात त्या याच जागा. दुसरं असं की, ज्या मातीवर आपण पडणार आहोत ती आपण स्वतः मऊ केली, हे मुलाला माहीत असतं, त्यामुळं पडण्याची भीती कमी होते. आणि सगळ्यात मोठं कारण, त्या मातीवर त्याच्या आधी दुसरे लढणार असतात. तालमीत आल्या आल्या तो आधी दुसऱ्यांच्या पाठीची काळजी घेतो.

त्यानंतर जोर आणि बैठका. दोन्ही तळवे आणि चवडे टेकवून, कंबर वर ठेवून उभं राहायचं, छाती खाली नेत पुढं काढायची, मान उचलायची आणि परत मागं यायचं. छाती मातीला लागता कामा नये. चांगले वस्ताद पहिल्या दिवशी आकडा मोजत नाहीत, श्वास पाहतात. मूल तोंडानं श्वास घेऊ लागलं की थांबवतात. मग येतं पडणं. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि काही झालं तरी हात मागं टेकायचा नाही, कारण सगळं वजन कोपरावर येऊन हात निखळतो. शेवटी एखादा मोठा पैलवान समोर उभा राहतो आणि म्हणतो, "धर मान." मुलगा चाचरत हात टाकतो आणि त्याच्या तळव्याला तो मोडलेला, गाठ झालेला कान लागतो. घासून, आपटून कानाच्या कूर्चेवर रक्त साकळतं आणि पुढं ते कायमचं कठीण होतं. माझ्या पहिल्या सकाळी माझ्या तळव्याला लागलेला तो कान मला अजून आठवतो. एवढा मोठा पैलवान माझ्यासारख्या पोराच्या धक्क्यानं मुद्दाम मागं सरकत होता आणि मला खाली वाकून पाय कसे ठेवायचे ते दाखवत होता.

ही शिस्त किती जुनी आहे? बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' हा ग्रंथ लिहिला. त्यातल्या मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांच्या प्रतवारीचा, आहाराचा आणि मेहनतीचा तपशील आहे. वजन उचलणं, चालणं, पाण्यात पोहणं आणि खांबावर कसरत करणं, असे श्रमाचे प्रकार त्यात वेगवेगळे सांगितले आहेत. मल्लखांबाचं मूळ शोधणारे त्या खांबाच्या श्रमाकडं बोट दाखवतात. म्हणजे झुंजीच्या आधी अंग घडवायचं, हा क्रम या दख्खनच्या मुलखात नऊशे वर्षांपूर्वी लेखी आला होता. पण सोमेश्वराचे मल्ल राजाचे होते. त्यांना पोसायचा राजा, त्यांची झुंज बघायचा राजा. गावातल्या साध्या पोरानं सकाळी उठून आत जावं, अशी ती जागा नव्हती.

पुढं दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांचं नाव येतं. मल्लखांबाला नवं आयुष्य दिलं ते त्यांनी. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पेशव्यांच्या दरबारात आले, त्यांचं आव्हान घ्यायला कुणी पुढं येईना, तेव्हा तरुण बाळंभट पुढं झाले आणि त्यांनी सप्तशृंगीच्या डोंगरावर साधना करून तयारी केली, ही कथा मल्लखांबाच्या प्रत्येक आखाड्यात सांगितली जाते. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी पुढचं खरं आहे. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव बिठूरला गेले आणि त्यांच्याबरोबर ही विद्या गंगेकाठी पोचली. राज्य गेलं, पण शिष्यांची परंपरा टिकली. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई बालपणी याच बिठूरच्या वातावरणात घोडेस्वारी आणि मर्दानी कसरती शिकल्या, असं परंपरा सांगते. त्या काळी एखाद्या मुलीला ते दार उघडलं, कारण ती पेशव्यांच्या आश्रयाला असलेल्या घरातली होती.

त्याच काळात पुण्यात एक वेगळं दार उघडत होतं. लहुजी वस्ताद साळवे 1794 चे. मातंग समाजात जन्मलेले, दांडपट्टा, तलवार, निशाणबाजी यांत तरबेज. गंजपेठेत त्यांची तालीम होती. जोतिराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले ते लहुजींकडं. वासुदेव बळवंत फडके यांनाही लहुजींचं मार्गदर्शन मिळालं. जरा थांबून या गोष्टीकडं बघा. ज्या पुण्यात मातंगाची सावलीही नको होती, त्या पुण्यात सवर्ण घरातली मुलं एका मातंग वस्तादाच्या पाया पडून शिकत होती. अंगाला अंग लागल्याशिवाय तालमीतली विद्या शिकवता येत नाही. मान धरायची तर मानेला हात लागणार, पट काढायचा तर पायाला मिठी पडणार. ग्रंथ लांबून वाचता येतो, कुस्ती लांबून शिकता येत नाही. फुल्यांनी पुढं मुलींसाठी आणि अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. गुरू-शिष्याचं ते नातं तालमीतच घट्ट झालं होतं, असं मला वाटतं.

कोल्हापुरात हेच काम राजानं केलं. शाहू महाराज 1894 मध्ये गादीवर आले. ते स्वतः मेहनती, अंगानं पैलवानी, आणि कुस्तीचे मोठे आश्रयदाते. मोतीबाग, गंगावेस यांसारख्या तालमींना त्यांच्या राजवटीनं बळ दिलं आणि लांबलांबचे मल्ल कोल्हापुरात आले. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज इंग्लंडला गेले. त्या प्रवासात रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असं सांगतात. 1912 मध्ये ते मैदान सुरू झालं. मधोमध आखाडा आणि भोवती उतरती गोलाकार बैठक, मध्ये एकही खांब नाही. शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही कुस्ती पहिल्या रांगेतल्या सरदाराइतकीच दिसावी, अशी ती बांधणी आहे.

पण मैदानाहून मोठं काम त्यांनी जोड लावताना केलं. अस्पृश्य पैलवानांशी लढायला सवर्ण तयार होत नसत. महाराजांनी महार पैलवानांना 'जाट', चांभारांना 'सरदार', भंग्यांना 'पंडित' अशी नावं दिली, त्यांना पदरी ठेवलं आणि मैदानात उतरवलं, असं त्यांच्या चरित्रांत नोंदलं आहे. ज्या धोरणानं त्यांनी 1902 मध्ये मागासांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या, त्याच धोरणाचा हा मातीतला भाग होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तालमीचं रूप आणखी बदललं. 1914 मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं, 1924 मध्ये पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं. इथं शाळकरी मुलं रांगेत उभी राहू लागली. शिट्टी, हजेरीपट, गणवेश, वयानुसार तुकड्या, सगळं आलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकानं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्याच वर्षी बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदारांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड निघू लागले आणि दहा खंडांत हे सगळं ज्ञान छापील झालं. वस्तादांच्या डोक्यात असलेली विद्या आता कुणालाही वाचता येत होती. आज आईवडील मुलाचं नाव घालायला जातात ती 'बॅच' या संस्थांनी घडवली. मी स्वतः शाळेत शिकवताना त्यांच्याच पद्धतीनं शिकवलं आणि त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

आमच्या तालुक्यातल्या गोळेश्वरचं नाव घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. खाशाबा दादासाहेब जाधव 1926 मध्ये तिथं जन्मले. कुस्तीचं पहिलं शिक्षण वडिलांकडून मिळालं, घरच्या मातीत. 1948 मध्ये ऑलिंपिकसाठी लंडनला गेले तेव्हा मॅट त्यांना नवी होती. अनवाणी, मातीत, वेळेचं बंधन नसलेली निकाली कुस्ती खेळलेल्या या गड्याला गुणांची, घड्याळाची, बुटांची कुस्ती खेळायची होती. तरी ते सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावागावांतून वर्गणी निघाली आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मॅट नवी असतानाही ते टिकले, कारण पडणं, तोल, श्वास आणि समोरच्याचं वजन ओळखणं त्यांच्या अंगात लहानपणीच मुरलं होतं. मातीतला पहिला दिवस मॅटवर वाया जात नाही, हे मी पालकांना खाशाबांचं नाव घेऊनच सांगतो.

मुलींचा दरवाजा मात्र फार उशिरा उघडला. 1954 मध्ये अलीगढच्या महिला पैलवान हमीदा बानू यांनी बडोद्यात बाबा पैलवानाला 1 मिनिट 34 सेकंदांत हरवलं. त्याच बाईंनी कोल्हापुरात पुरुष पैलवानाला हरवलं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली, आणि पुण्यातली त्यांची ठरलेली कुस्ती हरकती आल्यानं रद्द झाली. ज्या कोल्हापुरानं जातीचं कुंपण मोडून दाखवलं, त्याच कोल्हापूरच्या प्रेक्षकांना हे झेपलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये 2004 मध्ये आली, आणि महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा 2023 मध्ये सांगलीत झाली. ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिनं जिंकली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी त्याच्या साठेक वर्षं आधीपासून चालू होती.

माझी नात आता मॅटवर जाते. तिथं उकरायला माती नाही. पण तिच्या प्रशिक्षक ताई नव्या मुलींना आधी मॅट पुसायला लावतात. औषधाचं पाणी, फडकं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मागं सरकत. मॅट घामेजली राहिली तर त्वचेचे रोग एकीकडून दुसरीकडं जातात, म्हणून हे काम रोजचं. ते बघून मला फार समाधान वाटलं. पहिल्या धड्यातलं सार त्या ताईंनी सोडलेलं नाही.

तालमींची अवस्था मात्र संमिश्र आहे. पुण्यातला मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा. 1887 मध्ये भिकू शिंदे आणि उस्ताद नालबन या हिंदू-मुसलमान मित्रांनी तो बसवायला सुरुवात केली. उत्सव दणक्यात चालू आहे, तालीम राहिलेली नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालीम मंडळं आज फुटबॉलच्या संघांसाठी ओळखली जातात. पेठेतली पोरं एकत्र यायची सवय त्यांनी जपली, आणि फुटबॉलवर त्यांनी केलेलं प्रेम खरं आहे, म्हणून त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. दुःख होतं ते खेड्यातल्या तालमींचं. आमच्याकडं कित्येक गावांत मारुतीच्या देवळाशेजारची तालीम कुलूपबंद आहे. हौद्यावर फळ्या टाकून मंडपाचं सामान, ढोल आणि जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत.

तेव्हा पहिल्या दिवसाबद्दल विचारणाऱ्यांना मी आता दोन गोष्टी सांगतो. पहिली, जागा निवडायची कशी. पहिल्याच सकाळी मुलाला मोठ्याशी झुंजवणारी, पडायला न शिकवता डाव शिकवणारी, महिन्याभरात पदकाचं आश्वासन देणारी जागा असेल तर मूल घेऊन परत या. जिथं जुनी मुलंही नव्यांबरोबर माती उकरतात किंवा मॅट पुसतात, जिथं वस्ताद मुलाच्या श्वासाकडं बघतात आणि जिथं कुणाच्या घरचं पोर आहे हे विचारलं जात नाही, तिथं नाव घाला. सुरुवातीचे काही आठवडे मांड्या दुखतील, जिना उतरताना मूल कठड्याला धरेल. त्याला पोटभर जेवण, दूध आणि झोप द्या, आणि "आज कुणाला पाडलंस?" हे विचारू नका.

दुसरी गोष्ट गावकारभाऱ्यांसाठी आहे. तुमच्या तालमीचं कुलूप उघडायला फार पैसे लागत नाहीत. मंडपाचं सामान दुसरीकडं हलवा, छप्पर बघा, दोन ट्रॉल्या चांगली लाल माती आणा, गावातल्या एखाद्या जुन्या पैलवानाला मान देऊन बोलवा. सकाळची वेळ मुलांना दिली तर संध्याकाळची मुलींना द्या, आणि मुलींसाठी कपडे बदलायला दाराची, कडीची खोली करा. लहुजींनी जातीचा विचार केला नाही, शाहू महाराजांनी राज्याची ताकद लावली, खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. आपल्याकडं मागणी त्याहून फार लहान आहे. गावातल्या ज्या वस्तीतली पोरं आजवर तालमीच्या दारात आली नाहीत, त्या वस्तीत आधी निरोप पाठवा, आणि ती आली की पहिलं खोरं त्यांच्या हातात द्या.